आमची वाटचाल : अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

वाचकाच्या बोटाखाली पिन दबून खाली बसली, तर डोळ्यांना ती कितीही सुबक दिसली तरी ते अक्षर उमटलेलेच नसते. ही गोष्ट नीट कळेपर्यंत आमचा ब्रेल डिस्प्लेचा, म्हणजे संगणकावरचा मजकूर उठणाऱ्या पिनांच्या ठिपक्यांनी अंध वाचकाच्या बोटांखाली आणणाऱ्या यंत्रांचा, कारखाना बंद पडण्याच्या बेतात आला होता.

पहिल्या यंत्रापासून आम्ही पिना उचलायला पायझो, म्हणजे विजेने वाकणाऱ्या, पट्ट्याच वापरत आलो. सुमारे २०० व्होल्टचा दाब मिळाला की पट्टी वाकते, पिन अर्धा मिलिमीटर उचलते आणि फारशी वीज न खाता तिला तिथेच धरून ठेवते. मात्र एका अक्षराच्या आठ पिनांचा एक सेल धरला, तर ४० सेलच्या यंत्राला अशा ३२० पट्ट्या लागतात आणि यंत्र महाग होते ते त्यांच्यामुळेच. यंत्र स्वस्त करण्याच्या ध्यासाने मी पट्ट्या काढून तारेची वेटोळी बसवली. ठिपक्यांमधले अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर असल्याने एका वेटोळ्याचे चुंबकत्व शेजारच्या पिनेलाही ओढू लागले. दोन क्रमांकाचा ठिपका उगाच उठला की ‘क’चा ‘ल’ होत असे. जवळजवळ सगळी यंत्रे परत आली.

त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी आमचे बिघडलेले यंत्र घेऊन ग्रंथालयांत फिरला आणि लहान कारखान्यांचा माल असाच असतो, असे त्याने सांगितले. चूक माझी होती, ती मी पत्रे लिहून कबूल केली होती. तरी आधीच्या टिकाऊ यंत्रांबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही, हे मी आजही विसरलेलो नाही. त्या कंपनीच्या यंत्रांचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्र संगणकाशी जोडून देणारे प्रोग्राम, स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आयते असत, आम्हाला मात्र असे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात ताटकळावे लागे. २०१८ मध्ये ब्रेल डिस्प्लेसाठी यूएसबीचे सामायिक एचआयडी मानक, म्हणजे सगळ्या यंत्रांना संगणकाशी एकाच पद्धतीने बोलू देणारे नियम, जाहीर झाले, तेव्हा कुठे तो अडसर दूर होऊ लागला.

त्या काळात आमची साथ न सोडणारे एक अंध गणितशिक्षक होते. समीकरण नुसते ऐकले तर छेद कुठे संपला आणि कंस कुठे मिटला हे ध्यानात ठेवण्यातच शक्ती जाते, म्हणून त्यांना ते बोटांखालीच हवे असे. आमचा प्रत्येक नमुना ते महिनाभर वापरत आणि कोणत्या सेलची कोणती पिन कच्ची आहे, हे ब्रेलमध्ये टिपून पाठवत. त्यांच्याच टिपणांवरून आम्ही पट्ट्यांकडे परतलो आणि बोटांचा घाम व धूळ साचून पिना अडकू नयेत म्हणून वरची टोपी काढून धुता येईल अशी केली.

या क्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्यांना एवढेच सांगेन की डोळस अभियंत्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी घेऊ नका, कारण वर्षानुवर्षे ब्रेल वाचलेल्या बोटाचा वेग त्याच्याकडे नसतो. अशा वाचकांना आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. आम्ही तो उशिरा द्यायला लागलो.

शिक्षकांचे पहिले यंत्र आजही साफसफाईला आमच्याकडे येते. त्याच्या सातव्या सेलची तिसरी पिन किंचित सैल झाली आहे, ती बदलायची की नाही हे ते स्वतः बोट फिरवून ठरवतात.