भिंतीवरचा नळ

संक्रांतीच्या दुपारी मतदान पथक शाळेवर उतरलं. 14 जानेवारी 2021. दुसऱ्या दिवशी राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींबरोबर आमच्या गावचंही मतदान होतं. ग्रामसेवक म्हणून माझं काम ठरलेलं: खोली झाडून घ्यायची, लाइट-पाणी बघायचं, पथकाच्या जेवणाची सोय करायची. यंत्रांच्या पेट्या आत आल्या, टेबलं लागली, आणि केंद्राध्यक्ष भिंतीसमोर थबकले. हायस्कूलचे मास्तर होते, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"भाऊसाहेब, हे काय?"

भिंतीवर कोळशानं काढलेला नळ होता. हातभर लांब पाइप, वाकडी तोटी, तोटीखाली बादली. बादलीत काहीच नाही. शेजारी उभ्या रेघांची रांग, मोजून चौदा.

"पोराटोरांनी काढलंय, साहेब."

"ते कळतंय हो. पण उमेदवारांच्या यादीत एका पॅनेलची निशाणी नळ आहे."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. गेले आठ महिने मी त्या भिंतीकडं रोज बघत होतो आणि मला ते चित्र दिसायचंच बंद झालं होतं.

तो नळ तिथं कसा आला, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमचं गाव साताऱ्याच्या डोंगरी भागात. घरटी एक माणूस मुंबईत, कुणी वाशीच्या मार्केटात माथाडी, कुणी गाळ्यावर, कुणी कंपनीत. देवळाचा जीर्णोद्धार असो की स्मशानभूमीची शेड, पैसा मुंबई मंडळाचा. ग्रामपंचायतीची निवडणूकही मुंबईतच उरकायची. मंडळाची बैठक बसायची, सात नावं ठरायची, आणि गावात फक्त अर्ज भरायला माणसं यायची. बिनविरोध. माझ्या आधीच्या ग्रामसेवकानंही इथं मतपेटी बघितली नव्हती.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं आणि एप्रिल संपता संपता हीच मुंबईची माणसं पास काढून, टेम्पोत बसून, काही तर चालत गावाकडं निघाली. गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि बांबू आडवा टाकला. ज्यांच्या वर्गणीतून वेशीची कमान उभी राहिली, तेच कमानीबाहेर बसले. कोरोना समिती होती: सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई, मी. आम्ही ठरवलं, चौदा दिवस शाळेत. रजिस्टर मी घातलं. त्रेचाळीस नावं झाली, त्यात अकरा मुलं.

तोवर सगळं शासनाच्या कागदाप्रमाणं होतं. पुढचं नव्हतं. शाळेचा नळ गावाच्याच टाकीवर आहे. वरच्या आळीत कुणीतरी उठवलं की शाळेतल्या पाण्यातून रोग उलटा टाकीत येतो. पाणी वर चढत नाही, हे मी सांगितलं. सांगणाऱ्याचा आवाज मोठा असावा लागतो, माझा नव्हता. सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, चार दिवस व्हॉल्व्ह बंद करा, ट्रॅक्टरनं पाणी देऊ." मी बंद केला. ठराव नाही, कागद नाही, नुसती लोखंडी चावी फिरवली. दोन बॅरल गेटाबाहेर ठेवली. मे महिन्याचं ऊन आणि त्रेचाळीस माणसं.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बिघडला. दुपारी दोनपर्यंत बॅरल कोरडं. वाशीहून आलेली एक बाई कुंपणाला येऊन स्टीलच्या हंड्यावर उलथनं आपटत राहिली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसता टण् टण् आवाज. तो खालच्या आळीपर्यंत गेला. घराघरातून लोक बाहेर आले आणि काही न बोलता परत आत गेले. रात्री अकराला मी एकटाच जाऊन व्हॉल्व्ह उघडला. कुणाला विचारलं नाही. सकाळी कुणी मला विचारलंही नाही. ते आधीही करता आलं असतं, हे मला त्या रात्री चावी फिरवतानाच कळलं. त्याच दिवसांत तिच्या धाकट्यानं चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर नळ काढला.

लोक चौदा दिवसांनी घरी गेले. मला वाटलं, संपलं. पावसाळ्यात आमच्या ग्रामपंचायतीची मुदत संपली, निवडणुका आधीच लांबणीवर पडलेल्या, म्हणून प्रशासक आले. विस्तार अधिकारी, त्यांच्याकडं अशी आणखी चार गावं. एरवी गणपती झाले की मुंबईकर परतायचे. यंदा परतायचं कशानं? लोकलमध्ये सर्वसामान्यांना प्रवेश नव्हता, तो 1 फेब्रुवारी 2021 ला मिळाला, तोही ठरावीक वेळेत. कारखान्यांनी निम्मी माणसं बोलावली, निम्मी विसरले. तेव्हा पंचविशी-तिशीतली बरीच पोरं गावातच राहिली. भात कापला, गुरं सांभाळली, आणि संध्याकाळी पारावर बसून ग्रामपंचायतीचा जमाखर्च मागायला लागली. माहितीच्या अधिकारात माझ्याकडं पहिल्यांदा अर्ज आला तो ऑक्टोबरात. विषय: शाळेला पुरवलेल्या पाण्याच्या ट्रॅक्टरची बिलं. अर्ज वाचून मी दोन पेले पाणी प्यालो.

डिसेंबरात मंडळाची बैठक झाली, पण निम्मे सभासद गावात आणि निम्मे मुंबईत. फोनवर बिनविरोध ठरत नाही, त्याला एका खोलीत बसून चहा लागतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांत ऑनलाइनचं सर्व्हर रडायला लागलं, मग आयोगानं कागदी अर्जही चालतील म्हणून कळवलं, आणि 30 तारखेला तहसीलात जत्रा भरली. सात जागांना सोळा अर्ज आले. दुसऱ्या पॅनेलच्या यादीवर नजर टाकली आणि मी माझं मे महिन्याचं रजिस्टर काढलं. सातही नावं त्यात होती. चार तर एकाच खोलीतली.

चिन्हाच्या दिवशी त्यांनी नळ मागितला. दोन प्रभागांत मिळाला, तिसऱ्यात कपबशीवर भागवावं लागलं. तालुक्याच्या साहेबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पंखा, कपाट, शिट्टी, तसाच नळ.

तर आता केंद्राध्यक्ष भिंतीसमोर उभे होते. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत निशाणी चालत नाही. तेवढ्यात जुन्या पॅनेलचा प्रतिनिधी आला आणि त्यानं तोंडी हरकत घेतली. नळ पॅनेलकडून ती हंडेवाली बाईच आली होती, ती स्वतः उमेदवार. ती चित्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊसाहेब, त्यो नळ आमच्या पॅनेलचा न्हाई. तुम्ही बंद केलेला हाय त्यो."

खोलीत कुणी हसलं नाही. पथकातल्या शिपायानं मात्र माझ्याकडं बघितलं.

चुना लावायला वेळ नव्हता, ओली भिंत रात्रभर वास मारत राहिली असती. कपाटात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"चे पोस्टर उरले होते. ते लावायला गेलो तर केंद्राध्यक्ष म्हणाले, सरकारी मोहिमेची जाहिरात आहे, आचारसंहितेत नको. शेवटी पोस्टर उलटं केलं आणि कोरी पाठ पुढं ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. रेघा झाकायच्या का, यावर थोडी चर्चा झाली. रेघ ही कुणाची निशाणी नसल्यामुळं त्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मतदान सुरू झालं. आशाताई दारात ताप मोजत होती. रांगेत आत आलेला प्रत्येक माणूस आधी त्या कोऱ्या कागदाकडं बघायचा, मग यंत्राकडं जायचा. झाकल्यामुळं तो जास्तच दिसत होता, हे मला सकाळी दहाच्या सुमाराला लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता, आणि हरकत घ्यायला आता काही उरलंही नव्हतं. शेवटचा अर्धा तास कोरोनाबाधितांसाठी राखलेला. एकच आजोबा आले, वरच्या आळीचे, नव्यानं पॉझिटिव्ह. घरापासून शाळेपर्यंत रस्ता मोकळा झाला, दारं लागली. ते एकटेच चालत आले, एकटेच गेले.

पथक गेल्यावर मी पोस्टर काढलं. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा पापुद्रा निघाला, त्यात तोटी गेली. पाइप आणि बादली राहिली.

18 तारखेला मोजणी झाली. पाच जागा त्यांना, दोन जुन्यांना, एक जागा तीन मतांनी. सरपंचपदाची सोडत त्यानंतर निघाली आणि पद महिलेसाठी राखीव आलं.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. पुन्हा बंदी, पुन्हा टेम्पो. या वेळी पुण्याहून येणाऱ्यांत जुन्या सरपंचांचा मुलगा होता, बायको-पोरांसकट. समितीच्या बैठकीत नळ पॅनेलचाच एक सदस्य म्हणाला, गेल्या वर्षी आम्ही भोगलं, आता त्यांनीही चव घेऊ दे. सरपंचबाई, म्हणजे तीच हंडेवाली, काही बोलल्या नाहीत. शाळेत चौदा दिवस, रजिस्टर भाऊसाहेबांनी घालायचं, वेशीवर बांबू टाकायचा, एवढं त्यांनी सांगितलं. बांबू टाकताना त्या स्वतः उभ्या होत्या.

बैठक उठल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"व्हॉल्व्हची चावी कुठं असती?"

"माझ्याकडं, ऑफिसात."

"ती माझ्या घरी ठेवा."

मी ती तीन फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्यांच्या घरी नेली. दाराच्या मागं, केरसुणीशेजारी उभी केली. आता पाणी सोडणारा रोज सकाळी सहाला त्यांचं दार वाजवतो.