शून्य नायट्रेटची टाकी

ठाण्यातील एका घरच्या, प्रवाळ आणि गोगलगायी ठेवलेल्या 400 लिटरच्या सागरी टाकीची देखभाल माझ्याकडे आहे. तिच्यावरचे संकट टळून आता बरेच महिने झाले, तरी तिच्या नोंदवहीतील एक शब्द मला अजून सलतो. शेवाळाला पोसणारे नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य असे लिहून त्यापुढे मी माझ्याच हाताने ‘उत्तम’ असा शेरा मारला होता.

त्यानंतर मी महिनाभर गावी होतो. तेवढ्यात वाळूवर आणि खडकांवर तपकिरी, शेंबडासारखा थर चढला. रात्री तो विरळ होई आणि दुपारपर्यंत पुन्हा त्याच्या तारा लोंबू लागत, टोकांना हवेचे बुडबुडे धरून. माझ्या जागी आलेल्या तंत्रज्ञाने त्याला डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारे तपकिरी सूक्ष्म शैवाल, ठरवले. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवत असतानाही सिलिकेटच्या संशयाने पाणी शुद्ध करणारे डीआय रेझिन बदलले, फॉस्फेट शोषणारे माध्यम दुप्पट केले आणि दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलायला सांगितले. नुसत्या रंगावरून निदान करण्याची ही खोड आमच्या धंद्यात फार आहे. पाणी बदलले की थर अधिकच फोफावे. शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या, तेव्हा त्या घरच्या काकूंनी मला फोन केला.

मी तो थर नळीने ओढून बाटलीत घेतला, खूप हलवला, कॉफीच्या गाळणकागदातून गाळला आणि खाली आलेले पाणी दिव्याखाली ठेवले. तासाभरात त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा तपकिरी तारा जुळून आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर थेंबाच्या आकाराच्या, एका टोकाला निमुळत्या पेशी न दिसणाऱ्या दाव्याला बांधल्यासारख्या एकाच बिंदूभोवती गरगरत होत्या. ते ऑस्ट्रिओप्सिस होते, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय सूक्ष्मजीवांपैकी एक. त्याच्या काही जाती विषारी असतात. गोगलगायींच्या मरणाचा उलगडा बहुधा तिथेच होता. प्रवाळाच्या ऊतींत राहून त्याला पोसणारे सूक्ष्म शैवालही डायनोफ्लॅजेलेटच असते, त्यामुळे औषध ओतायला मी तयार झालो नाही.

आम्ही टाकी उपाशी ठेवली होती. डायनोफ्लॅजेलेटांशी जागेसाठी झगडणारे हिरवे शेवाळ आणि जिवाणू त्या उपासमारीत मागे हटले आणि रान मोकळे झाले. मी शोषक माध्यम काढले, पाणी बदलणे थांबवले आणि सोडियम नायट्रेट मोजून घालू लागलो. ‘‘दादा, इतकी वर्षे नायट्रेट काढायला पैसे दिले, आता घालायला द्यायचे?’’ हा काकांचा प्रश्न रास्त होता. नायट्रेट 5 पीपीएमवर लवकर स्थिरावले. फॉस्फेट मात्र खडक गिळत राहिले, संध्याकाळी 0.1 पीपीएम केले तरी सकाळी पुन्हा शून्य. ऑस्ट्रिओप्सिस रात्री मोठ्या संख्येने पाण्यात उतरते, म्हणून पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारा यूव्ही दिवाही जोडला, आणि तो सम्पला (गाळणीच्या वेगळ्या टाकीला) न जोडता थेट टाकीतून पाणी घेईल असा जोडला.

अठराव्या दिवशी काचेवर हिरवी साय धरली. काकू फडके घेऊन पुढे झाल्या. मी त्यांना थांबवले, कारण त्या सायीचीच मी वाट पाहत होतो. पुढच्या तीन आठवड्यांत वाळू पांढरी झाली.

यूव्ही आणि नायट्रेट मी एकाच दिवशी सुरू केले, त्यामुळे टाकी नेमकी कशाने वाचली हे मला आजही सांगता येत नाही. एकेक करून पाहायला हवे होते, पण तेव्हा सहा गोगलगायी मेल्या होत्या आणि प्रवाळ मिटून बसले होते.