पाव लिटर रक्तातली गुठळी: डॉ. मॉरीन अँड्र्यू यांचं काम

तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं साधारण 250 मिली, म्हणजे पाव लिटर दुधाच्या पिशवीत मावेल एवढं. त्यातलं 20 मिली तपासणीला काढलं, तर मोठ्या माणसाचं 400 मिली एका दमात काढल्यासारखं होतं. रक्त गोठवणारे आणि ते गोठणं आवरणारे घटक एकेक करून मोजायचे तर बरंच रक्त लागतं. निरोगी बाळाचं तेवढं रक्त कुणी काढू देणार नाही, काढूही नये. म्हणून लहान मुलांमध्ये या घटकांचं नॉर्मल प्रमाण किती, हेच कितीतरी वर्षं नीट ठाऊक नव्हतं. बाळाचा रिपोर्ट मोठ्यांच्या आकड्यांशी ताडायचा आणि मोठ्यांचा डोस वजनाच्या हिशेबानं कमी करून द्यायचा, अशीच रीत होती.

ही रीत मोडली कॅनडातल्या डॉ. मॉरीन अँड्र्यू यांनी. हॅमिल्टनचं मॅकमास्टर विद्यापीठ आणि टोरांटोचं सिक किड्स रुग्णालय या दोन ठिकाणी त्यांचं काम झालं. 2001 साली त्या गेल्या. मुलांच्या शरीरातल्या गुठळ्या हा वेगळा अभ्यासविषय मानला जातो, त्याचं सर्वांत मोठं श्रेय त्यांचं. त्यांच्या कामाचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी निरोगी मुलं मोजली, मग आजारी मुलं मोजली, मग डोस ठरवला आणि मगच औषधांची तुलना करायला घेतली. मधली पायरी कुठेही गाळली नाही.

पहिली पायरी सर्वांत किचकट होती. अगदी थोड्या प्लाझ्मावर (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवावर) चालतील अशा सूक्ष्म चाचण्या वापरून त्यांच्या गटानं पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांचं रक्त जन्मानंतर 1, 5, 30, 90 आणि 180व्या दिवशी तपासलं. हे निष्कर्ष 1987 साली ‘ब्लड’ या नियतकालिकात आले. 1988 मध्ये गर्भारपणाच्या 30 ते 36 आठवड्यांत जन्मलेल्या बाळांचे आकडे आले आणि 1992 मध्ये 1 ते 16 वर्षांच्या मुलांचे.

त्यातून दिसलं ते असं. ‘के’ जीवनसत्त्वावर अवलंबून असलेले गोठवणारे घटक, म्हणजे क्रमांक 2, 7, 9 आणि 10, जन्माच्या वेळी मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतात. गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन आणि घटक 8 मात्र मोठ्यांइतके, कधी जास्तही असतात. गोठणं आवरणारी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही प्रथिनंही कमी असतात. त्यातलं अँटिथ्रॉम्बिन काही महिन्यांत मोठ्यांच्या पातळीला येतं, पण प्रोटीन सीला बालपणातली बरीच वर्षं लागतात. उलट अल्फा-2 मॅक्रोग्लोब्युलिन बाळांमध्ये मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि थ्रॉम्बिनला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या मुख्य घटकाला, अडवण्याचं बरंचसं काम तेच उचलतं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजन कमी आहे, पण काटा मध्यावर आहे. म्हणून निरोगी बाळाला उगाच रक्तस्राव होत नाही आणि उगाच गुठळीही होत नाही.

याचा रोजच्या कामाशी थेट संबंध आहे. एका महिन्याच्या बाळाचं प्रोटीन सी 40 टक्के आलं आणि रिपोर्टवर लाल खूण असली, तरी तेवढ्यावरून आनुवंशिक कमतरतेचं निदान करता येत नाही. मोठ्यांचे संदर्भ-आकडे छापलेला रिपोर्ट त्या बाळाच्या दृष्टीनं चुकीचाच आहे. शंका असेल तर आईवडिलांची पातळी तपासावी आणि बाळाची चाचणी काही महिन्यांनी पुन्हा करावी. (जन्मतःच प्रोटीन सी जवळपास शून्य असलेली बाळं असतात. त्यांच्या त्वचेवर काळेनिळे चट्टे झपाट्यानं पसरतात. तिथे थांबायचं नसतं.) आणखी एक गोष्ट अँड्र्यू यांच्यानंतर पक्की झाली. त्यांच्याकडे शिकलेल्या पॉल मोनेगल यांनी मेलबर्नमध्ये हेच मोजमाप नव्या यंत्रांवर आणि नव्या रसायनांवर केलं, तेव्हा नेमके आकडे बदलले, पण वयानुसार होणाऱ्या बदलाची दिशा तीच राहिली. म्हणजे 1987चा तक्ता उचलून आजच्या प्रयोगशाळेत चिकटवायचा नाही. आपल्या यंत्राचे वयानुसार आकडे हवेत.

मोजमाप बिघडतं ते बहुतेक वेळा यंत्रात नाही, ट्यूबमध्ये. गोठण्याच्या चाचणीला निळ्या झाकणाची ट्यूब लागते. तिच्यात रक्त गोठू न देणारं 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण पाळावं लागतं. बाळाची शीर सापडत नाही, ट्यूब अर्धीच भरते, सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या, खोट्याच लांबलेल्या येतात. नवजात बाळाचं रक्त मुळातच घट्ट असतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 55 टक्क्यांच्या वर असेल तर प्लाझ्मा कमी आणि सायट्रेट तेवढंच, म्हणून पुन्हा तीच चूक. अशा वेळी सायट्रेट कमी करावं लागतं: 0.00185 गुणिले (100 वजा हिमॅटोक्रिट) गुणिले रक्ताचे मिली. हिमॅटोक्रिट 60 आणि रक्त 1.8 मिली असेल तर उत्तर येतं 0.133 मिली, नेहमीच्या 0.2 च्या ऐवजी. तिसरी चूक म्हणजे शिरेत बसवलेल्या आणि हेपारिननं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधानं) धुतलेल्या नळीतूनच नमुना घेणं. नळीतलं सुरुवातीचं रक्त बाजूला काढूनही हेपारिनचा अंश राहू शकतो, म्हणून आकडा पटत नसेल तर दुसऱ्या शिरेतून नमुना घेतलेला बरा. आणि टोचताना फार वेळ शोधाशोध झाली, तर ट्यूबमध्येच बारीक गुठळी धरते. असा नमुना फेकूनच द्यायचा.

दुसरी पायरी नोंदवहीची. 1 जुलै 1990 पासून कॅनडातल्या मुलांच्या 15 मोठ्या रुग्णालयांनी खोल शिरेतली गुठळी किंवा फुप्फुसात गेलेली गुठळी असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायला सुरुवात केली. 1994 साली छापलेल्या अहवालात 1 महिना ते 18 वर्षांची 137 मुलं होती, म्हणजे दर 10,000 भरती मुलांमागे 5.3. एक वर्षाच्या आतली बाळं आणि किशोरवयीन मुलं, या दोन टोकांना गर्दी. 96 टक्के मुलांना आधीच दुसरा आजार किंवा काही कारण होतं. एकतृतीयांश मुलांना मोठ्या शिरेत बसवलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, होती. गुठळीमुळे थेट दगावली तीन मुलं. त्या तिघांची गुठळी सेंट्रल लाइनमुळेच झालेली होती. 23 मुलांना पुन्हा गुठळी झाली.

या आकड्यांनी डॉक्टरांची नजर कुठे वळवायची ते सांगितलं. मोठ्या माणसाची गुठळी बहुधा पोटरीत किंवा मांडीत शोधतात. मुलांमध्ये ती नळी जिथे आहे तिथे शोधायची: मान, काखेजवळची शीर, छातीतल्या मोठ्या शिरा, जांघ. लाइनमधून औषध जातं पण रक्त परत येत नाही, मान किंवा हात सुजतो, छातीवर निळ्या शिरांचं जाळं दिसू लागतं, प्लेटलेट कारणाशिवाय उतरतात, या खुणा. इथे सोनोग्राफीवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. गळपट्टीच्या हाडामागे आणि छातीच्या आत सोनोग्राफीला नीट दिसत नाही, दाबून पाहायला जागा नसते. ल्युकेमियाच्या मुलांमधल्या पार्का या अभ्यासात शरीराच्या वरच्या भागातल्या गुठळ्यांपैकी सोनोग्राफीला सापडल्या फक्त 37 टक्के, तर शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेला 79 टक्के. उलट मानेतली गुठळी त्या एक्स-रेला दिसत नाही, सोनोग्राफीला दिसते. दोन्ही लागतात.

गुठळी धरलेली नळी दिसली की ती लगेच उपसून काढावी असं वाटतं. पण मुलाची प्रकृती स्थिर असेल आणि रक्तस्रावाची भीती नसेल, तर आधी काही दिवस रक्त पातळ करणारं औषध देऊन मग नळी काढण्याचा सल्ला आजच्या मार्गदर्शक सूचना देतात. नळीला लोंबणारी गुठळी ओढताना सुटली तर ती फुप्फुसाकडे जाते, आणि हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल तर थेट मेंदूकडे.

तिसरी पायरी डोसाची. हेपारिन स्वतः काही करत नाही, ते अँटिथ्रॉम्बिनचा जोर वाढवतं. बाळाकडे अँटिथ्रॉम्बिनच कमी, शिवाय बाळ हेपारिन लवकर शरीराबाहेर टाकतं. म्हणून अँड्र्यू यांच्या गटानं 1994 मध्ये मुलांसाठी जो तक्ता दिला, त्यात पहिला डोस किलोला 75 युनिट आणि पुढे एक वर्षाच्या आत तासाला किलोमागे 28 युनिट, एक वर्षाच्या वर 20. बाळाला किलोमागे जास्त लागतं, हे तेव्हा उलटंच वाटलं असणार. हेपारिनची कुपी 1,000 युनिट प्रति मिलीची मिळते तशी 5,000 ची पण मिळते. लेबल न वाचता काढलं तर पाचपट. लाइन धुण्याच्या द्रावणातही हीच चूक घडते, आणि दिवसातून चार वेळा धुताना जाणारं हेपारिन कुणी बेरजेत धरत नाही.

पुढे कमी रेणुभाराचं हेपारिन आलं. एनॉक्सापॅरिन हे त्यातलंच एक. पॅटी मासिकॉट आणि अँड्र्यू यांच्या 1996 च्या अभ्यासातून एनॉक्सापॅरिनचा डोस ठरला: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला किलोला 1.5 मिग्रॅ, त्यावरच्या मुलांना 1 मिग्रॅ, दर 12 तासांनी त्वचेखाली. डोसानंतर 4 ते 6 तासांनी अँटी-टेन-ए पातळी, म्हणजे रक्तातल्या औषधाचा जोर सांगणारा आकडा, 0.5 ते 1 युनिट प्रति मिली यायला हवी. तीन किलोच्या बाळाला 4.5 मिग्रॅ म्हणजे, 100 मिग्रॅ प्रति मिलीच्या औषधाचे, 0.045 मिली. हे साध्या सिरिंजवर मोजता येत नाही. म्हणून 100 युनिटची इन्सुलिन सिरिंज वापरतात. तिचं एक युनिट 0.01 मिली, म्हणजे नेमकं 1 मिग्रॅ. पण आपल्याकडे 40 युनिटची, लाल टोपणाची सिरिंजही सर्रास मिळते. तिचं एक युनिट 0.025 मिलीचं असतं. तिच्यात 4.5 युनिट भरले तर बाळाला 11.25 मिग्रॅ जातं, अडीचपट. घरी पाठवताना नर्सनं पालकांना टोपणाचा रंग दाखवावा, सिरिंज हातात देऊन समोर भरून घ्यावी आणि कागदावर मिग्रॅ, मिली आणि सिरिंजचा प्रकार तिन्ही लिहावं. बाळ वाढतं, डोस तिथेच राहतो, हीसुद्धा नेहमीची गफलत. दर तपासणीला वजन करून डोस पुन्हा काढावा.

वॉरफरिन या ‘के’ जीवनसत्त्वाचं काम अडवणाऱ्या गोळीचं बाळांशी फारसं जमत नाही. डब्याच्या दुधात ‘के’ जीवनसत्त्व घातलेलं असतं, त्यामुळे औषध लागू पडत नाही. आईच्या दुधात ते फार थोडं, त्यामुळे तोच डोस भारी पडतो. दूध बदललं, जुलाब लागले, प्रतिजैविक सुरू झालं की आयएनआर, म्हणजे वॉरफरिनचा परिणाम मोजणारा आकडा, हलतो.

चौथी पायरी अर्धीच राहिली. रेव्हिव्ह या चाचणीत रेविपॅरिन या कमी रेणुभाराच्या हेपारिनची तुलना साध्या हेपारिन आणि वॉरफरिनशी होती. प्रोटेक्ट चाचणीत सेंट्रल लाइन असलेल्या मुलांना गुठळी होऊ नये म्हणून रेविपॅरिन दिलं. दोन्हींचे निष्कर्ष अँड्र्यू यांच्या मृत्यूनंतर, 2003 मध्ये आले, आणि दोन्ही चाचण्या पुरेशी मुलं न मिळाल्यानं मुदतीआधी बंद कराव्या लागल्या होत्या. प्रोटेक्टमध्ये औषध घेतलेल्या 14.1 टक्के मुलांना गुठळी झाली, न घेतलेल्या 12.5 टक्के मुलांना. एवढ्या थोड्या मुलांवरून औषध निरुपयोगी आहे असंही म्हणता येत नाही. मुलं का मिळत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. आजार विरळा, एका रुग्णालयात वर्षाला निकषात बसणारी मुलं मोजकीच, आणि आधीच कर्करोग किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेनं खचलेल्या पालकांना निदानाच्या दिवशीच संमती विचारावी लागते. या अपयशी चाचण्यांना मी वाया गेलेलं काम म्हणणार नाही. एका देशाची मुलं पुरत नाहीत, हे त्यांनीच दाखवून दिलं.

याच काळात अँड्र्यू यांनी डॉक्टरांसाठी विनाशुल्क फोनसेवा चालवली, 1-800-नो-क्लॉट्स. असं मूल आयुष्यात एकदाच पाहणाऱ्या डॉक्टरला डोस विचारायला माणूस मिळाला.

अनेक देशांनी मिळून केलेल्या चाचण्या पुढे तडीस गेल्या. 2020 च्या आइनस्टाइन-ज्युनिअर या चाचणीत 500 मुलं होती. रिव्हरॉक्साबॅन हे तोंडानं घ्यायचं औषध घेणाऱ्या 335 पैकी चौघांना पुन्हा गुठळी झाली, नेहमीचे उपचार घेणाऱ्या 165 पैकी पाच जणांना. 2022 च्या किड्स-डॉटनं दाखवलं की तात्पुरत्या कारणानं झालेल्या आणि सहा आठवड्यांत शीर पूर्ण बंद नसलेल्या गुठळीला तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांचं औषध पुरतं. रिव्हरॉक्साबॅनचं द्रवरूप औषध 12 किलोच्या आत दिवसातून तीनदा, 12 ते 30 किलोमध्ये दोनदा, त्याच्या वर एकदा. त्याआधी किमान पाच दिवस इंजेक्शनचं औषध लागतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ते पूर्ण दिवसांचं हवं, निदान 10 दिवस तोंडानं दूध घेतलेलं हवं आणि 2.6 किलोच्या वर हवं. 1988 मध्ये अँड्र्यू यांनी ज्यांचं नॉर्मल मोजलं, ती कमी दिवसांची बाळं यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी अजून हेपारिन, एनॉक्सापॅरिन आणि ती बारीक सिरिंजच आहे.