रोथच्या कालव्यात उतरण्याआधी

जर्मनीत न्यूरेम्बर्गपासून जेमतेम 25 किलोमीटरवर रोथ नावाचं छोटं गाव आहे. जुलैच्या सुरुवातीला एका रविवारी हे गाव आणि आसपासच्या वस्त्या पूर्णपणे ट्रायथलॉनच्या होऊन जातात. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि लगोलग 42.2 किलोमीटरची मॅरेथॉन, सगळं एका दिवसात. इथे 1984 पासून ट्रायथलॉन होते. 2024 मध्ये आन हाउगने याच रस्त्यांवर 8 तास 2 मिनिटं 38 सेकंदांत शर्यत संपवून महिलांचा विक्रम केला. माझ्यासारख्या नोकरी सांभाळून सराव करणाऱ्यांना मात्र बारा-चौदा तास लागतात.

घरून फोन आला की आई एकच विचारते, "अरे, एवढं शरीराला झेपतं कसं?" शरीर हळूहळू तयार होतं. हिवाळ्यात घरातल्या ट्रेनरवर (जागेवरच सायकल मारायचा स्टँड) सायकल, आठवड्यातून दोन-तीनदा तरणतलाव, शनिवारी लांबची सायकल आणि उतरल्या उतरल्या थोडं धावणं, याला इथे ‘ब्रिक’ म्हणतात. सहा-आठ महिने हे नेटाने केलं की पाय साथ देतात. डोकं ताळ्यावर ठेवायची तयारी वेगळी करावी लागते. मनाला उभारी देणारी वाक्यं पाठ करून ती होत नाही, असं माझं ठाम मत आहे. काय काय बिघडू शकतं ते आधी लिहून काढायचं आणि प्रत्येकाचं उत्तर ठरवून ठेवायचं, मग ते सरावात करून बघायचं.

पोहण्याचंच घ्या. शर्यत माइन-डॅन्यूब कालव्यात सुरू होते. त्या दिवशी तिथली जहाजवाहतूक बंद असते. आपण विहिरीत, नदीत पोहायला शिकलेलो असलो तरी हे पाणी वेगळं. गढूळ हिरवट, स्वतःचा पुढे केलेला हातही धड दिसत नाही. गार पाणी मानेवरून वेटसूटच्या (पोहायचा रबरी पोशाख) आत शिरलं की श्वास एकदम अडकतो, छाती आवळल्यासारखी वाटते. तो शरीराचा आपसूक प्रतिसाद आहे आणि एक-दोन मिनिटांत ओसरतो. हे माहीत असणं हा अर्धा इलाज. उरलेला अर्धा रोथझे तलावावर करायचा: आधी तोंडावर पाणी मारायचं, मग चेहरा बुडवून सावकाश, लांब श्वास सोडायचा आणि तो स्थिरावल्यावरच हात मारायला घ्यायचे. गर्दीत लाथ बसून गॉगल सरकला तर उताणं व्हायचं, गॉगल नीट करायचा, पुढे निघायचं. हेसुद्धा मी मुद्दाम मित्रांना धक्के मारायला सांगून घोटून घेतलं.

दुसरा मोठा विषय पोटाचा. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठलेली साखर जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत उतरणीला लागते. म्हणून सायकलवर तासाला साधारण 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एवढं गोड पचवायची सवय आतड्यांनाही लावावी लागते, तीही आठवड्या-आठवड्याने वाढवत. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं, त्यामुळे बाटलीत मीठ हवंच. शेवटचे दोन दिवस मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी बंद. चोथा कमी हवा. मऊ भात, मीठ, तूप, उकडलेला बटाटा. परदेशातल्या महागड्या पावडरींपेक्षा आपला मऊ भात या कामाला सरस आहे, हे मी इथल्या क्लबमध्येही सगळ्यांना सांगतो.

सायकलच्या वाटेवर हिल्पोल्टश्टाइनजवळ सोलारर बेर्ग नावाचा चढ आहे. गेल्या वर्षी मी तिथे प्रेक्षक म्हणून उभा होतो. हजारो माणसं रस्त्यावर इतकी पुढे येतात की सायकलीपुरती चिंचोळी वाट उरते. ढोल, घंटा, ओरडा, अंगावर काटा येतो. त्या भरात लोक पॅडलवर उभे राहून जोर लावतात आणि त्याची किंमत मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला मोजतात. माझं ठरलंय: तिथे हसायचं, आजूबाजूला बघून घ्यायचं, पण नाडी ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही.

सध्या टेपर चालू आहे, म्हणजे सरावाचे तास कमी पण थोडा वेग कायम. याच दिवसांत नसलेली दुखणी जाणवू लागतात: गुडघा, घसा, टाच. बहुतेक ती मोकळ्या वेळाची करामत असते. मी झोप वाढवली आहे आणि ट्यूब बदलायचा सराव बाल्कनीत चालू ठेवला आहे.

कोल्हापूरचे माझे दोन मावसभाऊ पुढच्या वर्षी यायचं म्हणतात. रोथची नावनोंदणी उघडल्या उघडल्या संपते, तेव्हा घड्याळ लावून बसा. आणि पहिल्यांदा रिलेत उतरा: एकाने पोहायचं, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने धावायचं. तिसरा गडी मी आहेच.