चौकटीबाहेर राहिलेल्या काकू

सकाळी साडेसातला फोन वाजला. अनोळखी आवाज, रडवेला. "सर, माझ्या बाबांना लोक काय काय बोलतायत, बघितलंत का तुम्ही?"

मी विद्यार्थ्यांना माहितीपट शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या चौघांनी पुस्तकबांधणी करणाऱ्या एका वयस्कर जोडप्यावर १२ मिनिटांची फिल्म केली होती. तिच्यासाठी इन्स्टाग्रामवर पान उघडा, हा आग्रह माझाच. काम चालू असतानाच लोकांना दाखवत जा, असं मी दरवर्षी सांगतो. त्याचा उपयोगही होतो. हाताने शिवण घालण्याच्या एका जुन्या पद्धतीची माहिती मुलांना त्या पानावरच्या एका अनोळखी बाइंडरने दिली होती.

आदल्या रात्री त्यांनी ४० सेकंदांची रील टाकली. त्यात काका ओरडतात, "किती वेळा सांगू? आधी दोऱ्याला मेण लाव!" खाली कमेंटींचा खच. बायकोवर डाफरणारा माणूस, असल्या माणसावर फिल्म कशाला, आणि याहून वाईट.

मूळ शॉट मला पाठ होता. काकूंना कमी ऐकू येतं, म्हणून काकांचा आवाज कायम चढा. चौकटीत डावीकडे काका, उजवीकडे कानामागे हात धरलेल्या काकू. काका ओरडतात आणि काकू हसत हसत मेण लावून तयार असलेला दोरा त्यांच्या नाकासमोर नाचवतात. अख्ख्या फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता क्षण.

फिल्म आडव्या १६:९ चौकटीत, रील उभ्या ९:१६ मध्ये. उंची तशीच ठेवून आडवी चौकट उभी कापली की १९२० पिक्सेलमधले जेमतेम ६०८ उरतात. रुंदीचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. सॉफ्टवेअरने चौकट आपोआप काकांच्या चेहऱ्यावर नेऊन बसवली. काकू गेल्या. त्यांचं हसू वर टाकलेल्या संगीतात बुडालं. आणि ही रील मुलांनी मला आधी पाठवली होती. मी ती मोबाइलवर, आवाज बंद ठेवून पाहिली आणि अंगठा पाठवला. मला शॉट माहीत होता, म्हणून नसलेल्या काकू मला दिसल्या. ते अजून मनाला लागून आहे.

रील लगेच काढली. पण कुणीतरी ती उतरवून घेतली होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत ती सकाळी फोन करणाऱ्या काकांच्या मुलीच्या सासरपर्यंत पोचली होती. तिथून परत कशी आणणार?

दुपारी आम्ही पाचही जण त्यांच्या घरी गेलो. संमतिपत्र बरोबर होतं, सहीसुद्धा होती. पण त्यात फिल्म दाखवण्याची परवानगी होती, तिचे तुकडे करून वाटण्याची नव्हती. मुलांना वाटत होतं, फिल्मची परवानगी म्हणजे तुकड्यांचीही आलीच. मलाही तसंच वाटत आलं होतं. मी माफी मागितली. मुलगी बोलत होती, काका गप्प होते. एवढ्या वेळात त्यांचा आवाज एकदाही चढला नाही, आणि त्याने मला जास्त भीती वाटली.

संकलन करणाऱ्या मुलीने तिथेच लॅपटॉप उघडला. त्याच शॉटमधून दोन तुकडे काढून वर काका, खाली काकू अशी मांडणी केली, संगीत काढलं, संवाद अक्षरांत टाकले. टाकण्याआधी दोघांना दाखवलं.

काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून तीनदा पाहिलं. मग तिला म्हणाल्या, "बाळा, त्या दिवशी पूर्ण पिक्चर दाखवलात ना, त्यात ही अक्षरं का नव्हती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या खेळाला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, १२ मिनिटं.

"टाकाल, तर मी परत बघेन," त्या म्हणाल्या.

रील संध्याकाळी काकांच्या होकारानंतर गेली. मुलं स्टुडिओत परतली आणि पहिल्या मिनिटापासून सबटायटल लिहायला बसली. काकूंच्या स्वतःच्या वाक्यांपासून सुरुवात केली.