उरलेल्या वेळात शाळा काय करते?

‘मुलगा फार हुशार आहे, वर्गात कंटाळतो, त्याला कोणत्या शाळेत घालावे?’ हा प्रश्न मला दरवर्षी दिवाळीनंतर, प्रवेशाचे अर्ज निघू लागले की हमखास विचारला जातो. माझी मुलगी आता अकरावीत आहे. ती चौथीत असताना आम्ही दोघे याच प्रश्नापाशी सहा महिने अडलो होतो, हे ठाऊक असल्यामुळे नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतचे ओळखीचे पालक माझ्याकडे येतात. उभ्या उभ्या सांगण्यासारखे ते उत्तर नाही, म्हणून तुम्ही विचारलेत तर आता सविस्तरच लिहिते.

तिच्या तेव्हाच्या शाळेचे शहरात मोठे नाव होते. गणिताच्या तासाला वीस उदाहरणे मिळत, ती पाव तासात संपत आणि उरलेला वेळ हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसण्यात जाई. अशाच एका रिकाम्या वेळात तिने वहीच्या शेवटच्या पानावर १, ४, ९, १६, २५ असे वर्ग ओळीने मांडून शेजारशेजारच्या संख्यांतील फरक काढले होते आणि ते ३, ५, ७, ९ असे विषम संख्यांच्याच क्रमाने येतात हे तिला दिसले होते. त्या पानावर लाल शाईने शेरा आला : ‘वही खराब करू नये.’ बाईंना मी दोष देत नाही. साठ मुलांचा वर्ग आणि अंगावर आलेला अभ्यासक्रम यांत शेवटचे पान वाचायला त्यांना सवड कुठून मिळणार? पण त्यानंतर मुलीने शेवटच्या पानावर लिहिणे बंद केले, आणि तेव्हा मात्र आम्ही जागे झालो.

आमच्यासमोर पहिला विचार आला तो नवोदयचा. नागपूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी येथे आहे. प्रवेश सहावीत, पाचवीत असताना दिलेल्या परीक्षेवरून मिळतो. तिच्यात बुद्धिमत्ता चाचणी, अंकगणित आणि भाषा असे तीनच विषय असतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी राखीव असल्याने शहरातील मुलीला थोड्या जागांसाठी झगडावे लागते, आणि ते तसेच असायला हवे, कारण ही विद्यालये खेड्यातील गुणी मुलांसाठीच निघाली. काटोल, रामटेक किंवा भिवापूरकडचे पालक विचारतात तेव्हा मी निःशंकपणे सांगते की पहिला अर्ज नवोदयचा भरा. राहणे, जेवण, पुस्तके आणि चांगले शिक्षक एवढे सगळे एका ठिकाणी दुसरीकडे मिळणार नाही.

दुसरी वाट पुण्याची होती. ज्ञान प्रबोधिनीची स्थापना आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये केली आणि बुद्धिमान मुलांसाठी तिची प्रशाला १९६९ मध्ये सुरू झाली. हुशार मुलाला निराळे शिक्षण लागते हे महाराष्ट्राने तेथेच पहिल्यांदा नीट पाहिले, असे मी मानते. मुलीची मावशी पुण्यात असल्यामुळे राहण्याची अडचण नव्हती. आम्ही तिला विचारले, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘मग आजीला गोष्ट कोण वाचून दाखवणार?’ आम्ही तो विषय तेथेच सोडला. दहा वर्षांच्या मुलाला घरापासून रात्रभराच्या प्रवासावर ठेवायचे असेल, तर जाण्याची ओढ त्या मुलाची स्वतःची हवी. आईवडिलांची कितीही असली तरी ती पुरत नाही.

सहावीपासूनच अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची ‘फाउंडेशन’ तुकडी चालवणारी एक मोठी शाळाही आम्ही पाहिली. वर्गखोल्या देखण्या होत्या, पण तेथे आठवीचे गणित सहावीत आणून तेच, त्याच रीतीने आणि अधिक घाईने सोडवून घेत होते. हुशार मुलाला घाईची गरज नसते, खोलीची असते, आणि ही गल्लत आपल्याकडे फार होते.

शेवटी आम्ही घरापासून सायकलच्या अंतरावरची, सेमी-इंग्रजी माध्यमाची एक लहान शाळा निवडली, आणि ती एका प्रश्नामुळे निवडली. मी ती जुनी वही सोबत नेली होती. गणिताच्या सरांनी शेवटचे पान शांतपणे वाचले, शेऱ्याकडे पाहिलेही नाही आणि मुलीला विचारले, ‘वर्गांचं कळलं. घनांचं काय होतं गं?’ तिने तेथेच बाकावर बसून १, ८, २७, ६४, १२५ असे मांडले. पहिले फरक ७, १९, ३७, ६१ आले. त्यांचे फरक १२, १८, २४. आणि त्यांचे ६, ६. ‘सर, सगळे सहाच!’ असे ती मोठ्याने म्हणाली, तेव्हा कार्यालयातील लिपिकानेही मान वर केली. सर म्हणाले, ‘आता चौथ्या घाताचं घरून करून आण.’ दुसऱ्या दिवशी उत्तर २४ आले होते.

म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा निकालाची टक्केवारी आणि शिक्षण मंडळ कोणते याआधी एकच गोष्ट विचारा : काम आधी संपवणाऱ्या मुलाला तुम्ही पुढे काय देता? ‘आणखी उदाहरणे’ किंवा ‘इतरांच्या वह्या तपासायला’ असे उत्तर आले, तर पुढची शाळा पाहा. वर्ग ओलांडून पुढे बसवण्याची विनंती मी सहसा करू नका म्हणते, कारण वयाचे सोबती सुटतात. पण एखाद्याच विषयाला वरच्या वर्गात बसवता येते. आमच्या सरांनी पाचवीतल्या मुलीला गणितापुरते सातवीत बसवले होते आणि डब्याला ती आपल्याच मैत्रिणींत परत येई.

बुद्ध्यंकाचे प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्या पालकांना मी एक हकीकत सांगते. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्ध्यंकावरून असाधारण मुले निवडून त्यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्या चाळणीत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले गळली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये. चाचणी जरूर करा, अनुभवी मानसशास्त्रज्ञाकडेच करा. पण मुलाला कोठे मदत हवी हे समजून घेण्यासाठी करा, शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी नको.

शाळेकडून सगळेच मिळणार नाही, हेही धरून चाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी शाळा, शाळा-संकुल, जिल्हा अशा पातळ्यांवर विषयवार मंडळे असावीत असे म्हटले आहे. ती तुमच्या शाळेत नसतील, तर चार पालकांनी मिळून सुरू करावीत. आमचे मंडळ आमच्या गच्चीवर भरे, उन्हाळ्यात सकाळी सहाला. रमण विज्ञान केंद्रात मुलांना न्याल तेव्हा एकेका प्रयोगापाशी त्यांना हवे तितके थांबू द्या. आम्ही एकदा संपूर्ण दुपार एकाच लंबकापाशी घालवली.

आठवीपर्यंत सगळे छान चालले. नववीत मात्र सर निवृत्त झाले आणि तीच शाळा तिला अपुरी पडू लागली. तेव्हा आम्ही पुन्हा शाळा पाहायला निघालो. या वेळी वही मुलीने स्वतः उचलली आणि प्रश्नही तिनेच विचारला.