दुसऱ्या मॉनिटरवर तुटणारे खांब

पुण्यातील एका संकलन स्टुडिओतील लिनक्स संगणकांची देखभाल मी करतो. एका सकाळी तिथल्या संकलक ताईंचा फोन आला, “दादा, फाईलच खराब येते आहे. रात्रभर रेंडर लावूनही तेच.” (रेंडर म्हणजे संकलित दृश्यांची अंतिम फाईल तयार करणे.) जुन्या मंदिरांवरील माहितीपटात कॅमेरा सभामंडपातून आडवा फिरत होता आणि प्रत्येक खांब मधोमध तुटून त्याचा वरचा भाग खालच्या भागापासून थोडा सरकलेला दिसत होता. वाहिनीकडे प्रत पाठवण्याचा तो शेवटचा दिवस होता, त्यामुळे त्यांची घालमेल मला समजत होती.

दोष फाईलमध्ये आहे की पडद्यावर, हे आधी ठरवायला हवे होते. तुटलेला खांब दिसत असतानाच मी स्क्रीनशॉट घेतला, तर त्यात खांब अखंड होता. मोबाईलने पडद्याचा फोटो काढला, तेव्हा मात्र त्यात तडा स्पष्ट उमटला. स्क्रीनशॉट ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीतील चित्र वाचतो आणि ते चित्र निर्दोष होते. मॉनिटर वरून खाली एकेक ओळ रंगवत असताना मध्येच नवी फ्रेम आली, की वर जुनी आणि खाली नवी फ्रेम दिसते. यालाच टेअरिंग म्हणतात. म्हणजे पुन्हा रेंडर करून काहीच साधणार नव्हते, आणि हे ऐकल्यावर ताईंनी चालू असलेले रेंडर तिथेच थांबवले.

खरा धागा मात्र त्या तड्याच्या हालचालीत होता. तडा फक्त उजवीकडच्या मॉनिटरवर होता आणि तो एका जागी न राहता तळापासून हळूहळू वर चढत, माथ्यावर नाहीसा होऊन पुन्हा तळाशी उगवत होता. घड्याळ लावून पाहिले, तर एका फेरीला सुमारे सतरा सेकंद लागत होते. इतकी संथ आणि नियमित गती दिसली, की दोन जवळजवळ समान वारंवारतांमधला फरक आठवावा. सेटिंग उघडले, तर डावा मॉनिटर ६०.०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवण्याच्या गतीवर, आणि उजवा ५९.९४ वर होता. फरक ०.०६, आणि एकाला त्याने भागले की १६.७ सेकंद येतात. (५९.९४ हा विचित्र आकडा अमेरिकेत १९५३ साली मंजूर झालेल्या रंगीत दूरचित्रवाणीच्या मानकातून आला आणि आजही अनेक मॉनिटर तो देतात.)

लिनक्सवर पडद्यावरचे चित्र सांभाळणारी जुनी प्रणाली, एक्स-ऑर्ग, दोन्ही मॉनिटरांना मिळून एकच मोठा पडदा मानते, आणि त्या यंत्रावर नवी फ्रेम पाठवण्याची वेळ डाव्या मॉनिटरच्या ठोक्यावर, म्हणजे तो नवे चित्र रंगवायला घेतो त्या क्षणावर, ठरत होती. डाव्यावर टेअरिंग नसे ते यामुळेच. उजव्याचा ठोका मात्र दर वेळी थोडा मागे पडत असे. वेलँड या नव्या प्रणालीमध्ये प्रत्येक मॉनिटरची वेळ वेगळी सांभाळता येते, परंतु तिथले संकलनाचे सॉफ्टवेअर एक्स-ऑर्गवरच बसवलेले होते आणि प्रत पाठवण्याच्या दिवशी अख्खी व्यवस्था बदलणे मला योग्य वाटले नाही.

दोन्ही मॉनिटर ६०.०० वर आणल्यावर तडा चढायचा थांबला, पण गेला नाही. पडद्याच्या वरच्या भागात तो जवळजवळ स्थिर उभा राहिला. आकडे जुळले तरी दोघांची सुरुवात एकाच क्षणी होत नसते, हे तिथे डोळ्यांना दिसले. मग कार्डाच्या ड्रायव्हरमधील ‘फोर्स फुल कम्पोझिशन पाइपलाइन’ हा पर्याय दोन्ही मॉनिटरांसाठी सुरू केला. त्यामुळे प्रत्येक मॉनिटरला त्याच्या स्वतःच्या ठोक्यावरच पूर्ण फ्रेम मिळते. चित्र किंचित उशिरा पोचते, पण संकलनात तो उशीर जाणवत नाही. खांब अखंड झाले.

“पण अजून थोडे अडखळते आहे,” ताई म्हणाल्या, आणि त्यांची नजर खरी होती. सेकंदाला २५ फ्रेम्सचे चित्र ६० हर्ट्झवर दाखवताना काही फ्रेम दोन ठोके टिकतात, काही तीन; हा टेअरिंगहून वेगळा प्रकार आहे. मॉनिटरांना ५० हर्ट्झ चालत होते, म्हणून दोन्ही त्यावर नेले आणि तेही थांबले.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर हे बदल पुसले जातात, म्हणून ते एक्स-ऑर्गच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये लिहून ठेवले. वाहिनीकडे संध्याकाळी गेली ती आदल्या रात्रीचीच प्रत, एकही फ्रेम न बदलता.